टाळ्या जादूगाराला, नमस्कार भगताला; मग हमालाला काय?

(द्वितीय वर्ष, कला)

एकच गोष्ट तीन माणसे करतात. पहिला ती रंगमंचावर करतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. दुसरा ती यात्रेत करतो, तेव्हा आपण हात जोडतो. तिसरा ती बाजारपेठेत, शेतात किंवा स्वयंपाकघरात करतो, तेव्हा आपण त्याच्याकडे पाहतही नाही; आणि पाहिलेच तर 'अडाणी' म्हणून मोकळे होतो. ही गोष्ट म्हणजे पदार्थविज्ञानातील दोन साध्या तत्त्वांचा, जडत्व आणि घर्षण यांचा, उपयोग. तत्त्व एकच असताना आपण तीन माणसांना तीन न्याय का लावतो, एवढाच प्रश्न मला या लेखात विचारायचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पदार्थविज्ञानात लुडबूड का करावी, असे काही जण म्हणतील. त्यांना माझे उत्तर सोपे आहे. जडत्वाचा नियम आपण सर्वांनीच शाळेत पाठ केला होता. दहावीची परीक्षा संपली, शाखा ठरली, आणि तो नियम आपण जुन्या वह्यांबरोबर रद्दीत दिला. पण एस. टी.ने करकचून ब्रेक मारला की कला शाखेचे प्रवासीही पुढेच झुकतात! नियमाने आपल्याला सोडलेले नाही, आपण त्याला सोडले आहे. शिवाय १९७६ साली राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. 'फक्त विज्ञान शाखेच्या नागरिकाचे' असे कुठे म्हटलेले नाही.

आधी शब्दांकडे पाहू, कारण तो तरी आपला विषय आहे. 'जडत्व' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वजनदार, सुस्त, जागचे न हलणारे काहीतरी येते. युरोपातही सुरुवात अशीच झाली. केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभी या गुणधर्मासाठी जो लॅटिन शब्द योजला, त्याचा मूळ अर्थ आळस असा होता. पदार्थाला हलायचा कंटाळा असतो, अशी ती कल्पना. पण गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले आणि न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात नियम मांडला, तेव्हा चित्र पालटले. स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते हे अर्धे सत्य झाले. चालती वस्तू चालतच राहू पाहते हा उरलेला अर्धा भाग. म्हणजे जडत्व हा नुसता आळस नव्हे, तो हट्ट आहे. आहे त्या स्थितीत राहण्याचा हट्ट!

मग ढकललेली गाडी थोड्या वेळाने थांबते का? ॲरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षे विद्वानांना वाटत होते की ढकलणारा थांबला म्हणून गाडी थांबली. रोजच्या अनुभवाला ते पटणारेच होते. पण गाडीला थांबवणारे दुसरेच कोणीतरी होते, आणि ते म्हणजे घर्षण. लिओनार्दो दा विंचीने १४९३ च्या सुमारास आपल्या वहीत घर्षणाचे नियम टिपून ठेवले होते. ते जगापुढे आले नाहीत. १६९९ मध्ये आमाँताँने आणि १७८५ मध्ये कूलाँने ते पुन्हा मांडले. वजन दुप्पट केले की घर्षण दुप्पट होते. वीट आडवी ठेवा की उभी, तिला सरकवायला बळ सारखेच लागते. आणि थांबलेली वस्तू हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोरात हललेली वस्तू सरकत राहते. एवढी शिदोरी आपल्याला पुरेशी आहे.

आता जादूगाराकडे वळू. पेल्यावर पत्त्याचा तुकडा, तुकड्यावर नाणे. पत्त्याला टिचकी मारली की पत्ता उडून जातो आणि नाणे टुणकन पेल्यात पडते. ताटे-वाट्या मांडलेल्या टेबलावरची चादर झटक्यात ओढण्याचा खेळही याच जातीचा. मोबाईलवर असे खेळ आपण रोज पाहतो आणि पुढे सरकतो. 'झटका दिला की घर्षण लागत नाही', असे पुष्कळ जणांना वाटते. वस्तुतः पत्ता नाण्याखालून सरकत असतो तोवर, झटका लहान असो की मोठा, घर्षणाचे बळ साधारण तेवढेच असते. फरक पडतो तो वेळेचा. समजा, पत्ता सेकंदाच्या विसाव्या भागात निघून गेला. तेवढ्या वेळात घर्षणाने नाणे सरकते किती? हिशेब केला तर चार मिलिमीटरही नाही. पेल्याचे तोंड त्याहून कितीतरी रुंद असते. हळू ओढले तर मात्र घर्षण नाण्याला सोबत घेऊन जाते. खेळाची सगळी करामत आहे ती घर्षणाला काम करायला वेळ न देण्यात.

यापेक्षा सुंदर प्रयोग घरच्या घरी होतो. एक जड दगड दोऱ्याने टांगा. दगडाच्या खालच्या बाजूला तसाच दुसरा दोरा बांधा. खालचा दोरा हळूहळू ओढत गेलात तर वरचा दोरा तुटतो, कारण त्याच्यावर तुमचा जोर आणि दगडाचे वजन असे दोन्ही पडते. तोच खालचा दोरा एकदम हिसकलात तर खालचाच तुटतो. वरच्याला ताण जाण्यासाठी दगड आधी किंचित खाली सरकायला हवा आणि जड दगड तेवढ्या अल्प वेळात सरकत नाही. प्रेक्षकाला आधी विचारायचे, 'कोणता तोडू?' आणि तो सांगेल तो तोडून दाखवायचा. जादूगाराचा रुबाब याहून वेगळा काय असतो?

छातीवर फरशी ठेवून घणाने फोडण्याचा खेळही जडत्वाचाच. पाच किलोचा घण सेकंदाला सहा मीटर वेगाने साठ किलोच्या शिळेवर बसला आणि दोन्ही एकत्र सरकू लागले असे धरले, तर त्यांचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही भरत नाही. घणाच्या ऊर्जेपैकी तेरावा हिस्सा जेमतेम चालीच्या रूपाने उरतो. बाकीची शिळा फोडण्यात आणि तापवण्यात खर्च होते. म्हणजे शिळा जितकी जड तितका खालचा माणूस सुरक्षित. प्रेक्षकांना मात्र नेमके उलटे वाटते. (हा प्रयोग कोणीही करू नये. घण नेमका कुठे पडेल याची हमी न्यूटन देत नाही.)

घर्षणाची जादू आणखी मजेची. अरुंद गळ्याच्या तांब्यात तांदूळ ठासून भरायचे, त्यात सुरी पुनःपुन्हा खुपसायची आणि शेवटी सुरी वर उचलायची. सबंध तांब्या सुरीबरोबर वर येतो. कोणी ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटला की हाच चमत्कार ठरतो. प्रत्येक वेळी सुरी आत जाते तेव्हा दाणे एकमेकांत अधिक दाटून बसतात, तांब्याच्या भिंतीला आणि पात्याला रेटू लागतात. रेटा वाढला की घर्षण वाढते. मंत्राऐवजी बाराखडी म्हटली तरी तांब्या उचलला जाईल.

आता हा झाडूचा खेळ पाहा. केरसुणी किंवा लांब दांड्याचा झाडू दोन तर्जन्यांवर आडवा धरा आणि डोळे मिटून बोटे हळूहळू एकत्र आणा. बोटे नेमकी तोलाच्या जागीच भेटतात, झाडू पडत नाही. ज्या बोटावर भार जास्त, तिथे घर्षण जास्त, म्हणून ते बोट थांबते आणि दुसरे सरकते. सरकता सरकता भार त्याच्यावर येतो, मग पाळी बदलते. आपण काहीच करत नाही. घर्षणच पंचाचे काम करते.

दोन वह्यांची पाने एकाआड एक गुंफून ठेवली तर त्या ओढून सुटत नाहीत, हा खेळ वसतिगृहात सर्वांनी केलेला असेल. फ्रान्स आणि कॅनडातील संशोधकांनी २०१६ साली त्याचे गणित प्रसिद्ध केले. गुंफलेली पाने बांधणीकडे जाताना किंचित तिरपी होतात. त्यामुळे वह्या ओढल्या की ओढण्याचा काही भाग पानांना एकमेकांवर दाबतो. जितके ओढाल तितके ती घट्ट धरतात. एवढे संशोधन त्यावर झाले हे वाचून मला आनंद वाटला, पण आश्चर्य वाटले नाही. कारण आम्हा खानदेशच्या लोकांच्या शेतात हेच तत्त्व पिकते! कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब. डिंक नाही, गाठ नाही. नुसता पीळ दिला की त्याच आखूड तंतूंचा मैलभर दोरा होतो. दोरा ताणला की पिळातले तंतू एकमेकांना अधिक दाबतात आणि घर्षणाने धरून ठेवतात. आपल्या अंगावरचे सुती कापड घर्षणाच्या भरवशावर आहे. हे ज्या बाईने प्रथम ओळखले तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

इथे मी माझ्या मुद्द्यावर येते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिली मीच. वडील बाजारात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या शेतात जाते. शाळेत ज्याला 'स्थितिक घर्षण' म्हणतात ते वडिलांना पोत्यागणिक भेटते. दोन हमाल पोते ट्रकमध्ये टाकताना आधी त्याला झोका देतात. एकदा पोते चालू लागले की त्याची चाल ते वाया जाऊ देत नाहीत. तेलाचे भरलेले पिंप कोणी उचलत नाही आणि ओढतही नाही. ते काठावर कलते करून फिरवत नेतात, कारण घासण्यापेक्षा गडगडणे स्वस्त. जड यंत्र सरकवताना सगळ्यांनी एका आवाजात हाक देऊन एकाच क्षणी जोर लावायचा असतो, कारण पहिले हलणेच महाग असते. दहा जणांनी दहा वेगळ्या क्षणी लावलेला जोर फुकट जातो. कुऱ्हाड दांड्यात घट्ट बसवायची तर कोणीही पात्यावर ठोकत नाही. दांड्याचे खालचे टोक दगडावर आपटतात. दांडा थांबतो, लोखंड आपल्या हट्टाने खाली येत राहते आणि दांड्यात रुतते. टिचकीच्या नाण्याचीच ही बहीण नव्हे काय?

आई सुपात धान्य पाखडते तेव्हा दाणे आणि कोंडा एकदमच वर उडतात. जड दाणे सुपात परत येतात, हलका कोंडा हवेपुढे हार खातो. ती गोधडी झटकते तेव्हा गोधडी अचानक मागे येते आणि धूळ पुढे निघून जाते. उधळलेल्या गोऱ्ह्याचा दोर झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एखादा पोरगाही धरून ठेवतो. या वेढ्यांचे गणित थक्क करणारे आहे. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने धरण्याची ताकद साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी त्रेचाळीस पट आणि तीन वेढ्यांनी पावणेतीनशे पटींच्या वर. त्या पोराला गुणांक ठाऊक नाही. किती वेढे पुरतील हे मात्र बरोबर ठाऊक आहे.

या माणसांना अडाणी म्हणणे हा नुसता उद्धटपणा नाही, ती चूक आहे. पण एवढे बोलून थांबले तर तीही एक सोपी भावुकता होईल. कारण हाताला जे समजते ते शब्दांत आले नाही, तर एका कामातून दुसऱ्या कामात जात नाही. पोत्याचे जडत्व ओळखणारा हात यात्रेत गेला की तेच जडत्व ओळखत नाही. आणि मग जे घडते त्याची किंमत मोठी असते.

आमच्याकडच्या यात्रांतील बारागाड्या ओढण्याची प्रथा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. बैलगाड्या एकामागे एक जोडतात, त्यांवर माणसे चढतात, आणि नवस-उपास केलेला भगत त्या ओढत निघतो. दोन्ही बाजूंना त्याचे साथीदार, ज्यांना बगले म्हणतात, ते धावत असतात. गर्दी आरोळ्या देते. मला श्रद्धेची टिंगल करायची नाही. घरातील आजारपण सरावे म्हणून जो नवस बोलतो त्याच्या मनावर मी कोण बोलणार? मी फक्त गाड्यांविषयी बोलते.

उदाहरणादाखल समजू की माणसांसह एक गाडी पाचशे किलोची. बारा गाड्या म्हणजे सहा टन. माणूस सहा टन उचलू शकत नाही, पण इथे उचलायचे नसतेच. कठीण सपाट रस्त्यावर रबरी चाकांची गाडी चालती ठेवायला तिच्या वजनाच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याएवढे बळ पुरते. म्हणजे सहा टनांना १२० किलो वजनाएवढे. (मोकळ्या मातीत हेच बळ कितीतरी पट वाढते.) त्यातही पन्नास हात रस्त्याला एक हात उतार मिळाला की तेवढे सगळे बळ पृथ्वीच देते. मागून-बाजूने ढकलणारे हात असतात, ते वेगळेच. जोडणीच्या दोरात ढील असली तर बारा गाड्या एकदम हलवाव्या लागत नाहीत, एकेक करून हलतात. भगताच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. तो पुढे धावतो, जिवावर उदार होऊन धावतो. पण गाड्या हलतात त्या या कारणांनी.

खरा प्रश्न पुढेच आहे. हलवणे जमले, थांबवणार कोण? सहा टनांच्या गाड्या धावत्या माणसाच्या वेगाने, सेकंदाला तीन मीटरने, चालल्या असतील तर सपाट रस्त्यावर केवळ आपल्या घर्षणाने थांबायला त्यांना बावीस-तेवीस मीटर लागतील. उतारावर तर त्या थांबणारच नाहीत. भगताचा पाय अडखळला, बगल्याचा तोल गेला, एखादे पोर पुढे आले, तर वीस मीटर अंतर कोणाकडे असते? अशा प्रसंगी चाकांखाली येऊन माणसे जखमी झाल्याच्या, दगावल्याच्याही बातम्या येऊन गेल्या आहेत. मग गावात कुजबुज होते की काहीतरी विटाळ झाला, नवसात खोट राहिली. मेलेल्या माणसाच्या घरच्यांवर दुःखाबरोबर दोषही लादला जातो. ही गोष्ट मला सहन होत नाही. खोट नवसात नव्हती. खोट होती ब्रेकमध्ये. जडत्व भक्त आणि अभक्त असा भेद करत नाही.

आणि गंमत अशी की उपाय गावातच असतो! ज्या गाडीवानाने आयुष्यभर घाटात गाडी उतरवली, त्याला चाकाला घासणारा लाकडी ठोकळा ठाऊक आहे, चाकाखाली उटीचा दगड लावणे ठाऊक आहे. प्रत्येक गाडीला ब्रेक आणि तो धरणारा जाणता माणूस, बाजूने उटी घेऊन चालणारे लोक, सपाट जागा, शेवटी थोडा चढ, आणि दोन्ही बाजूंना दोर लावून मागे ठेवलेली गर्दी, एवढे केले तर प्रथाही राहील आणि माणूसही राहील. यासाठी कोणी नास्तिक होण्याची गरज नाही. गरज आहे ती यात्रा समितीच्या बैठकीत हा प्रश्न विचारणाऱ्या कोणाची तरी. तो प्रश्न गावातल्या शिकलेल्या मुलांनी विचारायचा नाही तर कोणी?

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. कार्यकर्त्यांनी गावोगावी चमत्कार करून दाखवले आणि लगेच त्यांमागची कारणेही सांगितली. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. कायद्याने फसवणाऱ्याला शिक्षा होते. पण 'हे कसे झाले?' असे विचारण्याची सवय कायदा लावू शकत नाही; ती शाळा-महाविद्यालयांनीच लावायची असते.

म्हणून प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक सूचना आहे. आपल्या स्नेहसंमेलनात फिशपॉन्ड होतो, गाणी होतात, कधी जादूचे प्रयोगही होतात. त्यातला एक तास या खेळांना द्यावा. नाणे-पत्ता, दगड-दोरा, तांब्या-तांदूळ, झाडू, गुंफलेल्या वह्या. खर्च जवळजवळ शून्य. खेळ कला शाखेच्या मुलांनी करावेत आणि कारण त्यांनीच, आपल्या बोलीत, सांगावे. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी चुकेल तिथे दुरुस्त करावे. आणि त्याच व्यासपीठावर एखाद्या हमालाला, सुताराला, गाडीवानाला, पाखडणाऱ्या बाईला पाहुणे म्हणून बोलवावे. त्यांनी काम करून दाखवावे, आपण त्याचा नियम सांगावा. कोण कोणाला शिकवतो ते श्रोत्यांनी ठरवावे.

थांबलेले हलवायला जास्त जोर लागतो, हे घर्षणाचे तत्त्व माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवायला नको. पण एकदा हलल्यावर आपल्या गतीत घरच्यांना मागे टाकून निघून जाणे, याला मी शिक्षण म्हणत नाही. जे आईवडिलांच्या हातात आहे त्याला शब्द देणे, आणि ते शब्द घरी परत नेणे, हे आपले काम आहे. पुस्तकात नियम वाचला की या सुट्टीत घरी विचारून पाहा, 'हे तुम्ही कसे करता?' उत्तर मिळाले की त्यांना नियमाचे नाव सांगा. आणि पुढची यात्रा भरण्याआधी, गाड्या जोडण्याआधी, एवढे नक्की विचारा की ब्रेक कोणाच्या हातात आहे.